काखेतली घडी

त्या दिवशी आई डायनासोरच्या पोटात होती. बाहेर दिसत होती ती फक्त तिची पावलं. एका पायात मोजा, दुसरा उघडा, आणि दोन्ही अंगठे आतल्या कामाच्या तालावर हलत होते. लेकीने डबा टेबलावर ठेवला आणि पावलांशी बोलायला सुरुवात केली.

"आई, दोन वाजले. जेवायला ये."

"आले. आधी तो राखाडी दोरा धर. ओढ म्हटलं की ओढायचा, सोड म्हटलं की सोडायचा. मनाने काही करायचं नाही."

"मी कधी करते मनाने?"

"आठवड्यातून तीनदा लिहितेस की पेपरात. ओढ."

लेकीने दोरा ओढला. डाव्या पुढच्या पायाच्या वर, जिथे तो पाय छातीला मिळत होता, तिथे कातडं आत खेचलं गेलं आणि नीट, धारदार, कोपऱ्यावर मिटलं.

"ही घडी कशाला? या वेळी अशा ताठ घड्या नाहीत ना कुठे?"

"ही कॅमेऱ्यासाठी नाही," आतून उत्तर आलं. "या बाजूला कॅमेरा यायचाच नाही. सोड आता."

आईचा मूळ धंदा सोफ्यांचा. तीस वर्षं तिने लोकांचे सोफे, खुर्च्या, गाद्या मढवल्या. कापड असं ताणायचं की नाणं टाकलं तर उडालं पाहिजे, अशी तिची शिस्त. सुरकुती म्हणजे तिच्या लेखी गुन्हाच होता. पुढे कार्यशाळेच्या मिस्त्रीने तिला बोलावून घेतलं. सिनेमासाठी खरेखुरे, हाताने हलणारे प्राणी बनवणारी ती कार्यशाळा. उंच पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, हवेत कायम रबराचा आणि डिंकाचा वास. मिस्त्री आकार घडवायचा, रंगवाली रंग द्यायची, आणि तारा खेचून मान हलवणारा एक चाळिशीचा उंच माणूस होता, ज्याला सगळे जिराफ म्हणायचे. कातडं शिवायचं आईने. कुणाची ती ताई, कुणाची मावशी. लेक पेपरात सिनेमावर लिहिते म्हणून तिला तिथे 'पेपरबाई' असं नाव पडलं होतं.

त्याच्या अडीच वर्षं आधी पहिला भाग आला होता. त्यातला डायनासोर, ज्याला सिनेमात सगळे 'राजा' म्हणत, आईने शिवला होता. आणि तीस वर्षांच्या सवयीने आईने तो ताणला होता. गळ्यापासून शेपटीपर्यंत एक सुरकुती नाही. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणाचा हात इतका चांगला नव्हता.

आईच्या यंत्रासमोरच्या भिंतीवर पेपराचा एक पिवळा पडलेला तुकडा अजूनही चार टाचण्यांनी ताणून लावलेला होता. शुक्रवारच्या सदरातलं, लिहिणाऱ्याचं नाव नसलेलं छोटं परीक्षण. त्यातल्या एका ओळीखाली आईने खडूने रेघ मारली होती: *राजाच्या काखेतली घडी पाहा. ती जनावराची नाही, सोफ्याच्या हाताची आहे.*

त्या दिवसापासून राजाचं नाव सोफा पडलं. गावभर नव्हे, पण कार्यशाळेत तरी कायमचं.

जेवताना आई त्या तुकड्याकडे पाहत म्हणाली, "तुमच्या पेपरातल्या त्या माणसाला निरोप दे. म्हणावं, या वेळी मानेकडे बघा."

"कोण लिहितं ते कुणाला ठाऊक असतं, आई? त्याखाली नाव नसतं."

"नसेना का. निरोप पोचतो," आई म्हणाली आणि चाटूनपुसून रिकामा केलेला डबा बंद केला.

मग तिने लेकीला आपल्या समोर उभं केलं, खिशातून छोटा आरसा काढला आणि स्वतःची हनुवटी वर केली. "हे बघ. माझ्या गळ्यावर तीन वळ्या आहेत. मी गिळते तेव्हा कुठली आधी हलते?"

"वरची?"

"सगळे तेच म्हणतात. मधली. मधली आधी हलते, मग खालची, आणि वरची शेवटी, बळेबळेच. बघ." तिने आवंढा गिळला. लेकीने पाहिलं. खरंच मधली.

दुसऱ्या भागातला डायनासोर म्हातारी मादी होती. कळप पुढे गेल्यावर मागे राहिलेली. आईने तिच्यासाठी ताणणं सोडून दिलं होतं. ते सोडायला तिला दोन वर्षं लागली. म्हणायची, हात ऐकत नाहीत, हातांना वाटतं गिऱ्हाईक परत येईल. शेवटी तिने स्वतःच्या मानेवर कागद ठेवून वळ्या उतरवून घेतल्या आणि तेवढ्याच, तशाच, दहापट मोठ्या करून शिवल्या.

त्या दुपारी मानेतला शेवटचा टाका पडला. जिराफने तारा हातात घेतल्या. "मावशी, गिळू का?"

"गीळ. पण घाई करू नकोस. वय झालंय तिचं."

म्हातारीने गिळलं. मधली वळी हलली, मग खालची, मग वरची. रंगवालीने तोंडावर हात ठेवला. मिस्त्री, ज्याच्या तोंडून कौतुक काढायला पक्कड लागायची, तो म्हणाला, "ठीक आहे, ताई." म्हणजे कळस झाला.

संध्याकाळी लेकीने आईला घरी सोडलं. उतरताना आई म्हणाली, "उद्या जरा लवकर ये. डोळ्याजवळची एक शिवण मनासारखी नाही. उसवायचीय."

लेक दुसऱ्या दिवशी लवकर आईच्या घरी गेली. दार तिला स्वतःच्या किल्लीने उघडावं लागलं. आई झोपेतच गेली होती, कुशीवर, एक हात उशीखाली. डोळ्याजवळची शिवण उसवायची राहूनच गेली.

आठ महिन्यांनी दुसरा भाग तयार झाला.

त्या सकाळी लेक पत्रकारांसाठीच्या खास खेळाला गेली, पण वही न घेता. संपादकांना तिने आधीच सांगितलं होतं की आपल्या आईचं काम आहे, आपण परीक्षण लिहिणार नाही. संपादक म्हणाले होते, बरोबर आहे. बरोबर असण्याची ही वेळ तीन वर्षं उशिरा आली होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

कारण भिंतीवरची ती ओळ तिची होती.

नेहमीचे परीक्षक त्या आठवड्यात आजारी पडले आणि पाच ओळींची जागा भरायची होती. नाव छापायचं नाही, मग कुणाला काय कळणार, असं म्हणून तिने लिहून टाकलं होतं. संपादक त्या ओळीवर खळखळून हसले होते. आपल्या एका वाक्यावर सगळा विभाग हसतोय, हे तिला तेव्हा आवडलंही होतं. त्या ओळीनंतर आणखी एक वाक्य होतं. जागा कमी पडते म्हणून तिने ते स्वतःच्या हाताने गाळलं. गाळलेलं ते वाक्य आईला कधी तरी सांगायचं, असं ती दर आठवड्याला ठरवायची. आणि दर आठवड्याला डबा घेऊन जायची, त्या चार टाचण्यांसमोर बसून जेवायची आणि परत यायची.

अंधारात तिच्या शेजारी एका दुसऱ्या पेपराचे वयस्क परीक्षक बसले होते. पहिला अर्धा तास ते सुस्कारे टाकत होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. नायक नदीत पडला, बाहेर आला, पुन्हा पडला. नायिकेला प्रत्येक वेळी धावायला लावून मग विचारलं जात होतं की तू ठीक आहेस ना. लेकीला वाटलं, हा सिनेमा आपटणार, आणि म्हातारीही त्याच्याबरोबर आपटणार.

मग म्हातारी पाण्यावर आली.

काही घडत नव्हतं. कुणी धावत नव्हतं, संगीतही थांबलं होतं. ती पाण्याशी वाकली, प्यायली, मग तिने मान वर केली आणि घोट गिळला. चार मजली पडद्यावर मधली वळी हलली. मग खालची. मग वरची, बळेबळेच.

लेकीचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. शेजारचे परीक्षक सुस्कारा अर्धा टाकून थांबले होते. मागच्या रांगेत कुणी तरी "अरे" म्हणालं, एवढंच. सगळं चित्रपटगृह एका म्हाताऱ्या जनावराला पाणी पिताना बघत होतं आणि कुणी खुर्चीत हलत नव्हतं. लेकीला उठून ओरडावंसं वाटलं की ही मान मला ठाऊक आहे, ती माझ्यासमोर डबा खायची.

ती ओरडली नाही. तिच्या घराण्यात ओरडण्याची पद्धत नव्हती. पण खेळ सुटल्यावर ती पायऱ्या दोन दोन करत उतरली, हे मात्र बऱ्याच जणांनी पाहिलं.

परीक्षणं चार वाजता खुली होणार होती. त्याआधी कुणी छापायचं नाही, असा निर्मात्यांचा दंडक होता. पावणेचारला कार्यशाळेत सगळे जमले.

इथे त्या लोकांची एक रीत सांगायला हवी. परीक्षणाच्या दिवशी प्राण्याला मधोमध आणून ठेवायचं, सगळ्यांनी त्याच्याभोवती बसायचं आणि एकाने परीक्षणं मोठ्याने वाचायची. परीक्षणात ज्याच्या कामाचा उल्लेख येईल, त्याच्या नावाने जबडा वाजवायचा. डोळ्यांचा उल्लेख आला तर मिस्त्रीसाठी, रंगाचा आला तर रंगवालीसाठी, चालीचा आला तर जिराफसाठी. शिव्या असोत की स्तुती, उल्लेख झाला की जबडा वाजला. जबडा लाकडाचा, आत पोलादी पट्टी. दांडा खेचला की तो मिटायचा आणि छपराचे पत्रे थरथरायचे. सिनेमाच्या शेवटी या लोकांची नावं येतात तेव्हा प्रेक्षक चपला शोधत असतात. त्यामुळे या खटक्याचं त्यांना भारी अप्रूप होतं.

पहिल्या भागाच्या वेळी सोफ्याची ओळ जिराफनेच वाचली होती, नाटकी आवाज काढून, पुढे काय आहे ते न बघता. वाचून झाल्यावर सगळे जमिनीकडे पाहू लागले होते. लेक तिथेच होती, हातात चहाचा कप घेऊन. आई उठली, चालत गेली आणि दांडा स्वतःच खेचला. खटॅक! "कातड्याचा उल्लेख आहे ना?" ती म्हणाली होती. "मग बसलात काय तोंडं पाडून? आणि तो तुकडा मला द्या. एवढ्या सगळ्यांत याच एकाने नीट बघितलंय."

आज म्हातारी मधोमध होती. चित्रीकरणात तिचे जरा हाल झाले होते, एक नख गेलं होतं, पण मान तशीच होती. आईच्या स्टुलावर कुणी बसलं नव्हतं. त्यावर कुणी फूलबीलही ठेवलं नव्हतं. फक्त कुणी बसलं नव्हतं.

"पेपरबाई, तू बघून आलीस. सांग ना काही!" रंगवाली तिच्या अंगावरच आली. "माझा हिरवा दिसतो का? की चिखल दिसतो?"

"दिसतो. हिरवाच दिसतो."

"आणि चाल?" जिराफ म्हणाला. "लंगडते ती मुद्दाम आहे हे कळतं का? नाही तर म्हणतील जिराफला धड चालवता येत नाही."

"कळतं."

"कुणी रडलं का?" मिस्त्रीने विचारलं, आणि विचारलं म्हणून लगेच पक्कड पुसायला घेतली.

"एक काका नाक शिंकरत होते. पण त्यांना सर्दीही असू शकेल."

"सर्दी! ही बघा पेपरवाल्यांची जात," रंगवाली म्हणाली. "आपल्याच घरचं कौतुक सांगतानाही पुरावा मागेल."

चार वाजले. जिराफने फोन वर धरला, घसा खाकरला. पहिलं परीक्षण उघडलं.

"'दोन तारे,'" त्याने वाचलं.

"मेलो," मिस्त्री म्हणाला.

"थांबा हो. 'नायक एवढ्या वेळा पाण्यात पडतो की त्याला टॉवेल हेच सहायक पात्र द्यायला हवं होतं.'" रंगवाली खिदळली. "'पण म्हातारी डायनासोर पडद्यावर येते आणि सिनेमाला अचानक वय येतं. तिचे थकलेले, पिवळट डोळे...'"

"डोळे!" सगळे एकदम ओरडले. खटॅक! मिस्त्रीने पक्कड खाली ठेवली आणि छताकडे पाहिलं.

"'...आणि पाणी पितानाची तिची मान. संगणकाची ही करामत पाहून थक्क व्हायला होतं.'"

जिराफचा हात दांड्यावर अर्ध्यात थांबला.

"काय म्हणाला?" रंगवालीने विचारलं.

"संगणकाची करामत."

"कुठला संगणक? त्या मानेत कापूस आहे!"

"मीही लिहून देतो की त्यात कापूस आहे," मिस्त्री म्हणाला. "पण हा ताईच्या नावावर मोजता येणार नाही. उल्लेख आपल्या कामाचा हवा. हा संगणकाचा झाला. नियम म्हणजे नियम."

"पुढचं वाच," लेक म्हणाली.

दुसऱ्याने साडेतीन तारे दिले होते. त्याने चालीला 'राजघराण्यातलं लंगडणं' म्हटलं, त्यावर जिराफने स्वतःसाठी इतक्या जोराने दांडा खेचला की छपरावरची कबुतरं उडाली. तिसरीने रंगाबद्दल एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. रंगवालीने तो दोनदा वाचायला लावला आणि जबडाही दोनदा वाजवून घेतला. मिस्त्रीने हरकत घेतली, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. चौथा म्हणाला की कथा पत्त्यांच्या बंगल्यासारखी आहे. पाचवा म्हणाला की पत्त्यांच्या बंगल्याला निदान मजले तरी असतात. फोन एकामागून एक वाजत होते, कुणाचा मेव्हणा, कुणाची शाळेतली मैत्रीण. रंगवाली उभ्याउभ्या नाचत होती. या कार्यशाळेला इतकं डोक्यावर कुणी कधी घेतलं नव्हतं.

आणि प्रत्येकात मान होती. सातच्या सात परीक्षणांत. 'ती मान विसरता येत नाही.' 'ती मान पाहून मला माझी आजी आठवली.' 'त्या एका घोटासाठी तिकीट काढा.' आणि प्रत्येक ठिकाणी पुढे संगणक. एकाने संगणकविभागाला नमस्कार केला होता. एकाने तर लिहिलं होतं की आता माणसाच्या हातांची गरज उरली नाही.

ते वाक्य वाचून जिराफने फोन मांडीवर पालथा ठेवला.

गंमत म्हणजे त्यांचं चुकलं होतं ते काम उत्तम झाल्यामुळे. पहिल्या वेळी शिवण दिसली म्हणून आईच्या वाट्याला टोमणा आला. या वेळी शिवण दिसलीच नाही, म्हणून आईच दिसली नाही. लेकीला हे कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता. मिस्त्रीच्या डोळ्यांना चार खटके मिळाले होते, रंगवालीला पाच, जिराफला तीन. आईला एकही नाही.

"एखादं राहिलंय का वाचायचं?" रंगवालीने हळू विचारलं.

"सगळी संपली."

"मग मी म्हणते, वाजवा. नियम गेला खड्ड्यात."

"नाही," मिस्त्री म्हणाला. "ताईने स्वतः कधी फुकटचा वाजवून घेतला नाही. सोफ्याच्या वेळीही विचारलं तिने, उल्लेख आहे ना? आपण आता दया दाखवून वाजवला तर ती वर बसून मला शिव्या घालेल. छापलेलं हवं. समीक्षकाचं हवं. हाताच्या कामाचं हवं."

"अहो, एक समीक्षक इथे बसलीय की!" जिराफ म्हणाला. "पेपरबाई, लिही ना तू."

"ती नाही लिहू शकत," मिस्त्री म्हणाला. "घरचं काम. तिच्या पेपराला ते शोभणार नाही."

"मावशी मात्र म्हणायची," जिराफ भिंतीवरच्या तुकड्याकडे बघत म्हणाला, "हे लिहिणारं माणूस सोफ्यांतच वाढलेलं असणार. बाहेरच्याला काखेतली घडी ओळखू यायची नाही. मी म्हटलं, मावशी, मग शोधून काढू या का त्याला? तर म्हणाली, कशाला, ते येतं अधूनमधून जेवायला."

तो ते हसत हसत सांगत होता. त्यातला अर्थ त्याच्या लक्षात आलेला नव्हता.

लेकीनेही त्या तुकड्याकडे पाहिलं. तिला आठवला चाटूनपुसून बंद केलेला डबा, निरोप पोचतो म्हणणारा आवाज. अडीच वर्षं दोघी एकाच टेबलावर जेवल्या, आणि अडीच वर्षं आई वाट बघत होती. ओळ कुणाची हे आईला ठाऊकच होतं. लेक कधी बोलते, एवढंच बाकी होतं.

तिने फोन काढला. पेपराच्या कचेरीत तो उचलला उपसंपादकाने, तिच्याहून वयाने लहान आणि नेहमी घाईत असलेला. तिने फोनचा आवाज मोठा केला आणि तो म्हातारीच्या पायापाशी ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

"बोला ताई, पटकन. पान सोडायचंय."

"एक मजकूर घे. उद्याच्या पानावर."

"परीक्षण? तुम्हीच म्हणालात ना, लिहिणार नाही म्हणून?"

"परीक्षण नाही. दुरुस्ती आहे."

"कसली दुरुस्ती? कालच्या अंकातली?"

"तीन वर्षांपूर्वीच्या अंकातली."

पलीकडे टंकन थांबलं. "सांगा," तो म्हणाला, आता घाई न करता.

लेक उभी राहिली. उभं राहून सांगायचं असं तिने काही ठरवलं नव्हतं.

"लिही. या सिनेमाच्या पहिल्या भागाचं निनावी परीक्षण आमच्या शुक्रवारच्या सदरात आलं होतं. ते मी लिहिलं होतं."

रंगवालीने जिराफचा दंड धरला. मिस्त्री हलला नाही.

"त्यातल्या डायनासोरचं कातडं माझ्या आईने शिवलं होतं. हे वाचकांना सांगणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. पूर्णविराम. नवा परिच्छेद. दुसऱ्या भागातल्या म्हातारीची मान संगणकाने केलेली नाही. ती सुई, दोरा, रबर आणि कापूस यांची आहे. ती माझ्या आईने स्वतःच्या मानेवरून उतरवून हाताने शिवली. म्हातारी गिळते तेव्हा मधली वळी आधी हलते. माझ्या आईचीही आधी हलायची. ते काम पूर्ण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. पूर्णविराम."

"खाली नाव घालायचं का, ताई?"

"माझं. पूर्ण नाव. आणि वर तिचं."

"घातलं. सकाळी छापून येईल."

मिस्त्री उठला. त्याने फोनकडे वाकून विचारलं, जणू फोन बहिरा होता, "नक्की छापणार?"

"नक्की. कोण बोलतंय?"

"मग चालतं," मिस्त्री त्याला उत्तर न देता म्हणाला आणि जिराफकडे वळला. "बघतोस काय? ओढ!"

जिराफने दोन्ही हातांनी दांडा खेचला. खटॅक! पत्रे थरथरले, पेल्यातल्या चमच्यांनी उडी मारली. रंगवाली ओरडली, "मावशी!" आणि रडता रडता हसली. जिराफने पुन्हा खेचला. सात परीक्षणांत मान होती, सात होतात की, असं म्हणत तो खेचतच राहिला, आणि या वेळी मिस्त्रीने मोजले, हरकत घेतली नाही.

"ताई, तिकडे काय पडतंय?" फोनमधून आवाज आला.

"काही पडत नाहीये. जबडा आहे."

"बरं. आणखी काही वाढवायचंय का? दोन ओळींची जागा आहे."

तिने म्हातारीकडे पाहिलं. मग ती डाव्या पुढच्या पायाकडे गेली, ज्या बाजूला कॅमेरा कधी आला नव्हता. वर हात घातला. बाकी सगळं कातडं सैल, मऊ, वळ्यावळ्यांचं होतं, आणि या एका जागी ती घडी होती. ताणलेली, धारदार, कोपऱ्यावर मिटलेली. जिचा दोरा त्या दुपारी तिने स्वतः ओढला होता. तिची बोटं आत सरकली आणि तिथे त्यांना नेहमीची जागा मिळाली.

"एक वाक्य आहे," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी मी ते गाळलं होतं. ते छापायचं नाही."

"मग?"

"मग काही नाही. ठेव तू."

फोन बंद झाला. जबडा थांबला होता. छपरावर कबुतरं परत येऊन बसत होती. लेकीने हात घडीतून काढला नाही. ती बोलली ते फार मोठ्याने नाही, पण कार्यशाळेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई, सोफा मी म्हटलं. घडी मला लगेच ओळखू आली, कारण लहानपणी तू रात्रंदिवस काम करायचीस तेव्हा मी त्याच घडीत हात घालून झोपायचे, आणि मला वाटायचं, तूच हात धरलायस."